जुनं घर पाडू नका, उतरवा

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही एका नव्या हॉटेलवर पानभर लेख छापलात. फोटो मोठे, मथळ्यात 'वारसा' हा शब्द, आणि सगळं कौतुक एका भिंतीचं, जिच्यावर जुनी दारं एकाला एक लावून ठोकलीत आणि वरनं पिवळे लाइट सोडलेत. दिसायला छान आहे हो, त्याबद्दल भांडण नाही. पण मला ड्रॉइंगं बघायची सवय, त्यामुळे मी तो फोटो भिंग घेऊन बघत बसलो आणि दोन गोष्टी दिसल्या. डावीकडून तिसरं दार चक्क उलटं लावलंय, वरच्या चौकटीत अडकवायची साखळी खाली फरशीवर लोळतेय. आणि रिसेप्शनवरची जी 'शंभर वर्षांची तुळई' म्हणून दाखवलीय ती स्लॅबला लोखंडी पट्ट्यांनी टांगलेली आहे. जिने इतकी वर्षं घर डोक्यावर घेतलं तिलाच आता वरनं धरून ठेवावं लागतंय. हे बघितल्यावर राहवेना म्हणून लिहायला बसलो, पत्र लांबलं तर कापा, पण शेवटचा परिच्छेद कापू नका, त्यात माझं एक काम आहे.

मी आर्किटेक्ट नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून पस्तीस वर्षं साइटवर सुपरवायझर म्हणून काढली, आता रिटायर. नव्या इमारती किती बांधल्या ते मी मोजून सांगू शकतो, जुनी घरं किती पाडली ते नाही सांगता येणार कारण ते कुणी लिहूनच ठेवत नाही. आमच्या बार चार्टवर, म्हणजे कुठलं काम किती दिवसांचं ते रेघांनी दाखवणाऱ्या तक्त्यावर, पाडकाम म्हणजे सगळ्यात वरची आणि सगळ्यात आखूड रेघ. 'साइट क्लिअरन्स, चार दिवस.' जेसीबी येतो, डंपर लागतात, पाचव्या दिवशी लेव्हल घ्यायला सुरुवात. त्या चार दिवसात काय काय गेलं याचं मला कधी काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. वाटलं ते स्वतःचं घर गेलं तेव्हा.

भावाभावात वाटणी झाली, घर विकायचं ठरलं, घेणाऱ्याने पाडकामाचा ठेका दिला. मी ठेकेदाराला आदल्या दिवशी सांगून आलो की बाबा लाकूड तेवढं नीट काढून घे, मी सकाळी येतो. हो हो म्हणाला. मी आठला पोचलो तर पठ्ठ्याने सहालाच मशीन लावून पुढची बाजू खाली आणली होती. मग मी बकेटच्या पुढ्यात जाऊन उभाच राहिलो, आरडाओरडा झाला, शेवटी मागची बाजू सोडवायला मला सहा दिवस मिळाले आणि मी एक म्हातारे सुतारमिस्त्री शोधून आणले.

'उतरवणं' हा शब्द त्यांचा. मी सारखा पाडायचं पाडायचं म्हणत होतो, ते म्हणाले, साहेब, घर पाडत नसतात, उतरवतात. आधी कौलं, मग रिपा, मग वासे, मग आढं, मग कडीपाटाच्या फळ्या आणि कड्या, मग तुळया, मग खांब, आणि सगळ्यात शेवटी खांबाखालचे तळखडे. बांधताना जे शेवटी चढलं ते आधी उतरणार, साधा हिशोब. पण पस्तीस वर्षांत हा क्रम मी कधी बघितलाच नव्हता, कारण बकेटला क्रम नसतो.

पहिल्या खांबाचं कुसू, म्हणजे खाचेत बसणारं वरचं टोक, तुळईच्या खाचेतून सुटलं तेव्हा मिस्त्रींनी हाक मारली. बाहेरून सगळं लाकूड धुराने आणि तेलपाण्याने काळं पडलेलं, पण सांध्याच्या आत कालच रंधा मारल्यासारखा रंग. आणि कुसवाच्या बाजूला पटाशीने पाडलेल्या पाच रेघा. खाचेच्या तोंडाशी पण पाच. पुढच्या खांबाला सहा आणि सहा. म्हणजे ज्या कोणी सुताराने ते घर उभं केलं त्याने प्रत्येक सांधा आधी खाली जमिनीवर जुळवून, खुणा करून, मगच वर चढवला होता. या खुणा बघून कुणीही ते परत जोडू शकेल आणि कुणीही न मोडता सुटं करू शकेल, आमच्या पिढीने त्यावर मशीन घातलं. माझ्याकडे पाच ते आठ आहेत. एक ते चार पुढच्या बाजूला होते.

आता मुद्द्यावर येतो. जुनं सामान नव्या इमारतीत वापरायची हल्ली आवड निर्माण झालीय, ते चांगलंच आहे. पण ते सामान येतं कुठून हे कुणी विचारत नाही. येतं ते जे पाडकामातून चुकूनमाकून वाचतं, म्हणजे दारं, खिडक्या, एखादा नक्षीचा खांब, कारण ते दिसायला सुंदर, उचलायला सोपं आणि विकायला त्याहून सोपं. ज्याच्यात घराचं खरं वजन असतं ते सगळं, विटा, घडीव दगड, वासे, कौलं, फरश्या, राडारोडा होऊन कुठल्यातरी खड्ड्यात जातं. म्हणजे घर गेलं आणि त्याचे दागिने तेवढे उरले, आणि ते दागिने घालून मिरवायला आपण वारसा म्हणतो.

विटांचंच घ्या. चुन्यातली भिंत असेल तर चुना विटेपेक्षा मऊ असतो, हातोडीच्या दोन टिचक्यात वीट मोकळी होते, थोडी घासली की पुन्हा रचायला तयार. सिमेंटमध्ये बरोब्बर उलटं. मसाला विटेपेक्षा घट्ट, सांधा सोडवायला गेलात की वीट फुटते आणि सांधा तसाच. गंमत अशी की दीडशे वर्षांपूर्वीची भिंत सुटी होते आणि पन्नास वर्षांपूर्वीची होत नाही. कोपनहेगनमध्ये लोकांना हीच अडचण आली. तिथे लेंडागर म्हणून आर्किटेक्ट लोक आहेत, त्यांना कार्ल्सबर्गच्या जुन्या ब्रुअरीच्या भिंती वापरायच्या होत्या आणि विटा काही सुटेनात, तर त्यांनी नाद सोडला नाही, करवतीने भिंतीचेच साधारण मीटरभर लांब मीटरभर उंच असे चौकोन कापले आणि ते चौकोन नव्या घरांच्या बाहेरच्या बाजूला बसवले. 'रिसोर्स रोज' असं त्या घरांचं नाव, २०१९ साली काम पूर्ण झालं. फोटो बघा, गोधडीसारखं दिसतं, प्रत्येक तुकड्यातल्या विटेचा रंग वेगळा, थर वेगळे. अमुक प्रकारची वीट हवी असं त्यांनी ठरवलंच नाही, जी भिंत मिळाली तिला विचारलं की तू कशी सुटशील.

मला वाटतं सगळं यातच आहे. सामान आधी हातात येऊ दे आणि मग नकाशा काढ. आपल्याकडे नकाशा आधी पास होतो, मग इंटिरिअरवाला येतो आणि म्हणतो इथे काहीतरी जुनं लावूया.

माझ्या भाच्याच्या घराला पडवी काढायची होती, मी म्हटलं माझे चार खांब घे. तो खूश. पण त्याला उंची हवी होती दहा फूट आणि खांब भरले साडेसात. तो म्हणाला वरनं जोड देऊ, लोखंडी प्लेट मारू, रंग दिला की कळणार नाही. मी म्हटलं थांब. ही अडचण स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मशिदीत आली होती, ७८५ च्या सुमाराला. त्यांनी जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींचे खांब आणले, ते निघाले आखूड, आणि एवढ्या मोठ्या दालनाला छत तर उंच हवं. तर त्यांनी एका कमानीच्या वर दुसरी कमान घेतली. लाल वीट आणि पांढरा दगड आलटून पालटून लावलेल्या त्या दुमजली कमानी, ज्यांच्यासाठी आज जगभरचे लोक तिकीट काढून जातात, त्या एका कमतरतेतनं निघाल्या. इस्तंबूलमध्ये तर त्याच्याही आधी, सहाव्या शतकात, जमिनीखाली पाण्याचा मोठा हौद बांधला, आत ३३६ खांब, त्यातले कितीतरी जुन्या इमारतींतून आणलेले, आणि दोन खांब उंचीला कमी पडले असावेत म्हणून त्यांच्याखाली ग्रीक पुराणातल्या मेड्युसा राक्षसिणीचं कोरलेलं डोकं दिलंय, एक आडवं आणि एक उलटं. तेव्हा उलटं लावायला माझी ना नाही. पण ते डोकं दीड हजार वर्षं खांब पेलतंय. तुमच्या हॉटेलातलं दार उलटं लावलंय कारण लावणाऱ्याला त्याची वरची बाजू कोणती ते माहीत नव्हतं.

तर भाच्याच्या पडवीत मिस्त्रींनी तळखड्यांखाली घडीव दगडाचे दोन थर देऊन खांब वर घेतले आणि उरलेली कसर छपराच्या उतारात काढली. पडवी भाच्याला हवी तेवढी उंच झाली नाही. पण आत बसलं की छप्पर अंगाशी येतं, सावली दाट पडते आणि पावसाची झड आत येत नाही, आणि आता तोच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की ही उंची मुद्दाम ठेवलीय. सांगू दे.

या विषयात ज्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही तो म्हणजे चीनचा वांग शू. निंगबो शहरात त्याने आणि त्याची बायको लू वेनयू हिने इतिहासाचं म्युझियम बांधलं, २००८ मध्ये पूर्ण झालं. ज्या भागात ते उभं आहे तिथली जुनी गावं विकासाच्या नावाखाली सपाट केली होती, आणि त्याच गावांच्या विटा आणि कौलं वेचून यांनी म्युझियमच्या भिंती रचल्या. रचायची पद्धत पण त्याच भागातली. तिथे वादळं फार, वादळात घर पडलं की शेतकरी पडलेल्या घराच्याच तुकड्यांची भिंत घाईघाईने उभी करायचे, विटेचा तुकडा, कौल, फुटकं मडकं, जे हाताला लागेल ते थरावर थर. त्याला तिकडे वापान म्हणतात. वांग शूने ही गरिबाची पद्धत उचलली आणि सरकारी म्युझियमच्या अवाढव्य भिंतीला लावली. गवंड्यांना नवं काही शिकवायचं नव्हतं, उलट जे शिकलेलं ते विसरत चालले होते ते परत करायला लावलं. हांग्चौच्या कला अकादमीच्या कॅम्पसवर त्याने पाडलेल्या घरांची वीस लाखांहून जास्त कौलं छपरांवर चढवली. २०१२ मध्ये त्याला प्रित्झकर मिळालं, म्हणजे आर्किटेक्ट लोकांचं नोबेलच समजा.

म्युझियमच्या भिंतीकडे नीट बघितलं तर कळतं की सामान आणि ते लावायचा हात, दोन्ही एकाच मातीतले आहेत. मला वाटतं वारशाला मान देणं म्हणतात ते हेच, नुसतं सामान जुनं असून भागत नाही. जुनी वीट आणून ती सिमेंटमध्ये बसवली की वीट उरली आणि ती लावायची अक्कल गेली. हे मी स्वतः करून बघितलंय, म्हणून सांगतो. आमच्याच घराच्या विटा घेऊन मी मागे एक कंपाउंडची भिंत घातली, चुना कोण मळत बसणार म्हणून सिमेंटमध्ये, आणि सांधे पण सिमेंटने मस्त भरून घेतले. तीन पावसाळ्यात विटांचे पापुद्रे निघायला लागले. कारण मऊ विटेत शिरलेलं पाणी पूर्वी चुन्याच्या सांध्यातनं बाहेर पडायचं, मी तो रस्ताच बंद केला, मग ते विटेच्या तोंडातनं बाहेर पडायला लागलं आणि जाताना तोंड घेऊन गेलं. सिमेंटचे सांधे मात्र जाळीसारखे तसेच उभे, आत खड्डे. रिटायर्ड सुपरवायझरने घातलेली भिंत म्हणून पोरं दाखवतात सगळ्यांना.

आता जो मुद्दा मला जास्त टोचतो तो. तुमच्या लेखात दारं कुठली याबद्दल एक शब्द नाही. 'जुन्या घरांमधून जमवलेली' एवढंच. फोटोतल्या दारांपैकी दोन तरी अगदी वेगळ्या मुलखातली आहेत, पितळी फुलं आणि चौकटीचं कोरीव काम बघून सांगतो, बाकीच्यांशी त्यांचं काही नातं नाही. म्हणजे चार मुलखातले दरवाजे, पाचव्या मुलखातलं हॉटेल, आणि वर म्हणायचं स्थानिक वारसा. इमारतीच्या इतिहासात अशा पळवलेल्या दगडांना स्पोलिया म्हणतात आणि त्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थच लूट असा आहे. रोममध्ये कॉन्स्टन्टाइनची कमान आहे, ३१५ सालची, तिच्यावर आधीच्या बादशहांच्या स्मारकांची शिल्पं काढून बसवलीत. तेव्हा ही खोड जुनी आहे, आजच्या इंटिरिअर डिझायनरलाच कशाला नावं ठेवा.

आणि चांगल्या हेतूने केलं तरी कुणाचं तरी जातंच. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमधलं वॉर्सा शहर परत उभं करायला प्रचंड विटा लागत होत्या, त्यासाठी व्रोत्सवाफसारख्या दुसऱ्या शहरांतून विटा काढून नेल्या गेल्या. वॉर्साचा वारसा परत आला तो व्रोत्सवाफच्या भिंती खाऊन. वॉर्सावाल्यांचा आनंद खोटा होता असं मी म्हणत नाही, पण हिशोबाच्या वहीत दुसरं पान पण असतं.

हा, ब्रसेल्समध्ये युरोपियन कौन्सिलची युरोपा इमारत आहे, तिच्या बाहेरच्या अंगाला युरोपियन युनियनच्या सगळ्या देशांतून जमवलेल्या जुन्या ओक लाकडाच्या तीन हजारांहून जास्त खिडक्यांच्या चौकटी लावल्यात. ते मी मानतो. कारण तिथे सगळे देश एकत्र बसतात आणि चौकटी पण सगळीकडनं आल्यात आणि हे उघड सांगितलंय. मुद्दा कुठनं आणलं हा नाहीच, मुद्दा सांगितलं का, आणि त्या सामानाला नव्या जागी काही काम आहे का हा आहे. लंडनचं लिबर्टी दुकान १९२४ मध्ये बांधलं ते दोन जुन्या युद्धनौका मोडून त्यांच्या लाकडात, पण लाकूड तिथे जिन्यात, फळ्यांत, चौकटींत कामाला लागलंय आणि नौकांची नावं आजही सांगतात, इम्प्रेग्नेबल आणि हिंदुस्तान.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग आणून परत उभे केलेत ते बहुतेक वाचकांनी बघितलं असेल, चेन्नईजवळ दक्षिणचित्र आहे तिथे तर अख्खी जुनी घरं सुटी करून आणून पुन्हा जोडलीत. हे मोलाचं आहेच. पण म्युझियममध्ये गेलेल्या घरात कुणी राहत नाही, आणि सगळी घरं काही म्युझियममध्ये मावणार नाहीत.

जपानमधलं इसेचं देऊळ दर वीस वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा बांधतात, शेवटचं २०१३ मध्ये झालं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. जुन्या लाकडाचं काय करतात हे कुणी विचारत नाही. मुख्य मंदिरांचे आढं पेलणारे जे मोठे खांब असतात ते उतरवून, तासून, उजी पुलाच्या दोन टोकांना कमानी म्हणून उभे करतात. तिथे वीस वर्षं झाली की तेच खांब जुन्या यात्रामार्गावरच्या कुवाना आणि सेकी या गावी जातात, तिथे पुन्हा कमान होऊन आणखी वीस वर्षं. बाकीचं लाकूड देशभरातल्या देवळांना वाटून देतात. खांब लहान लहान होत जातो, पण प्रत्येक वेळी कुठून आला ते माहीत असतं आणि प्रत्येक वेळी उभाच असतो. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं ते आमच्या तुळया, ज्यांना एवढी सोय कुणी केली नाही.

लोक म्हणतील की हे सगळं बोलायला ठीक आहे, वेळ कुणाकडे आहे. वेळेचं खरं आहे, मशीनला चार दिवस लागतात तिथे हाताला तीन आठवडे लागतील. पण हे नियमाने होऊ शकतं. अमेरिकेत पोर्टलंड शहराने २०१६ मध्ये नियम केला की १९१६ पर्यंत बांधलेली राहती घरं पाडायची असतील तर मशीन घालायचं नाही, हाताने सुटी करायची, म्हणजे सामान वाचतं आणि धूळ पण कमी उडते. पुढे ती मर्यादा १९४० सालापर्यंत वाढवली. नियम आला की माणसं तयार होतात, माणसं तयार झाली की गोडाऊनं निघतात, गोडाऊनं निघाली की आर्किटेक्टला तिथे जाऊन बघता येतं की बाबा आज माझ्याकडे सात फुटी चौदा वासे आहेत, यात काय बसतं. आता कुणाला जुनं लाकूड हवं असेल तर नशिबावर आहे.

आणि इंजिनिअर लोक सही करायला घाबरतात हे दुसरं. त्यांचं चूक नाही, जुन्या लाकडाला कुणी सर्टिफिकेट देत नाही. पण बघता येतं. मिस्त्री आधी हातोडीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐकतात, मग टोकदार आर घुसवून बघतात, किती आत जाते. भुंग्याची बारीक भोकं असतील आणि खाली ताजं पीठ पडत असेल तर किडा जिवंत आहे, पीठ नसेल तर बहुतेक जुनं दुखणं. सगळ्यात जास्त सडलेलं असतं ते टोक जे भिंतीत होतं, ते कापून टाकायचं आणि उरेल तेवढ्या लांबीचा हिशोब धरायचा. विटा दोन हातात घेऊन एकमेकींवर आपटायच्या, खणखणीत वाजली तर ठीक, भद्द वाजली तर आतल्या भिंतीला. दिवसभर पाण्यात बुडवून वजन करायचं, साध्या विटेने आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिता कामा नये. जुने खिळे काढल्याशिवाय करवतीला लाकूड लावू नका, माझ्या एका माणसाच्या डोळ्यावर निभावलं होतं. आणि जुन्या दारांचा रंग कोरडा घासू नका किंवा जाळून काढू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं, ती धूळ घरातल्या पोरांच्या पोटात जाते. हे हॉटेलवाल्यांनी केलं का माहीत नाही, फोटोत तरी दारं अगदी नुकती घासल्यासारखी दिसतायत.

पर्यावरणाचं मी बोलत नाही, ते सगळे बोलतात. एक वीट परत वापरली की एक भाजायची वाचते, एवढं कुणालाही कळतं.

अजून एक राहिलं. जुनं नवं मिसळलं की ते लपवायचं का दाखवायचं यावर आमच्या भाच्याकडे वाद झाला. जर्मनीत ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्श हे चर्च १९४५ च्या बॉम्बिंगमध्ये पडलं, ढिगारा तसाच पन्नासेक वर्षं पडून होता, मग १९९४ ते २००५ मध्ये परत बांधलं आणि ढिगाऱ्यातले सुमारे ३,८०० जुने दगड पुन्हा भिंतीत घातले. जुने काळेकुट्ट, नवे पिवळसर. घासून एकसारखे केले नाहीत. लांबून बघितलं तर चर्चला देवीचे व्रण असावेत तसं दिसतं. म्हणतात की काही काळाने नवे पण काळे पडतील कारण दगडातच लोह आहे. मला हे पटलं. आमच्या पडवीत चार जुन्या खांबांवरची तुळई नवी आहे, पांढरी फटक, आणि भाच्याची बायको म्हणाली पॉलिश मारून मॅच करू. मी म्हटलं राहू दे तशीच. मिस्त्रींनी तिच्यात नवीन खाचा पाडल्या आणि न सांगता पटाशीने रेघा मारल्या, पाच, सहा, सात, आठ.

आता ज्या कामासाठी हा परिच्छेद कापू नका म्हटलं ते. पुढच्या वेळी अशी इमारत छापाल तेव्हा फोटोखाली एक ओळ टाका की हे दार, ही तुळई, ही फरशी कुठल्या गावातल्या कुठल्या घरातली आणि ते घर कधी उतरवलं, का पाडलं. मालकाला माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं छापा. आणि तुमच्या फोटोग्राफरला त्या हॉटेलात परत जाणं झालंच तर रिसेप्शनवरच्या तुळईचं उजवं टोक जरा जवळून बघायला सांगा, तिथे एक रिकामी खाच दिसतेय. आमच्या पुढच्या बाजूच्या तुळया राडारोड्यात मला सापडल्या नव्हत्या, डंपरमधून कुठे गेल्या ते ठेकेदाराने आजवर सांगितलेलं नाही. खाचेच्या तोंडाशी पटाशीच्या रेघा असतील तर फक्त किती आहेत तेवढं कळवा. माझ्याकडे एक ते चार नाहीत.

आपला,
एक जुना वाचक